मुलींची नावं यादीतून कुठे जातात?



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका यादीबद्दल बोलणार आहे.

नोकरीत असताना एका छावणीत शाळेच्या क्रीडा समितीचं काम माझ्याकडे आलं. फौजेत अशी जादा कामं गळ्यात पडतात, त्याला कोणी नाही म्हणत नाही. वार्षिक स्पर्धांच्या याद्या सहीसाठी टेबलावर यायच्या. चौदा वर्षांखालच्या मुलींची १०० मीटरची यादी एका पानात मावायची नाही, प्राथमिक फेऱ्या घ्याव्या लागायच्या. सतरा वर्षांखालच्या मुलींची यादी आली की थेट अंतिम फेरी, आणि त्यातही एकदोन लेन रिकाम्या. मुलांची यादी मात्र त्याच वयात वाढायची. तीन वर्षं मी त्या याद्यांवर सही केली. मुली गेल्या कुठे, हे एकदाही विचारलं नाही. सकाळच्या हजेरीत एक जवान कमी भरला तर अख्खी कंपनी त्याला शोधायला निघते. इथे निम्मी नफरी गायब होती आणि साहेब सही करत होते.

तो साहेब मीच, म्हणून आज थोडा हिशेब द्यायचा आहे.

सुरुवात दूरवरून करतो, कारण या गोष्टीचं एक मूळ आपल्या अंगणात नाही, अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये आहे. १८७३ साली डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. हे गृहस्थ हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत प्राध्यापक राहिलेले, म्हणजे शब्दाला वजन. त्यांचं म्हणणं असं की शरीरातली शक्ती ठरावीक असते. वयात येणाऱ्या मुलीची ती शक्ती गर्भाशयाच्या वाढीला लागते. तीच शक्ती अभ्यासात खर्च केली तर मुलगी कायमची दुबळी होईल. म्हणून या वयात मुलींना श्रम कमी द्यावेत आणि दर महिन्याला पाळीच्या दिवसांत सक्तीची विश्रांती द्यावी. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. रोख मुलींच्या शिक्षणावर होता, पण जो मेंदूचे श्रम नको म्हणतो तो धावण्याला थोडीच हो म्हणणार? पुढची कित्येक वर्षं डॉक्टर, शिक्षक आणि आयांच्या तोंडी हाच सल्ला फिरत राहिला.

त्याला उत्तर मिळालं, आणि फार लवकर मिळालं. डॉ. मेरी पुटनाम जेकोबी या न्यूयॉर्कच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी वाद घालण्याऐवजी माहिती गोळा केली. स्त्रियांना प्रश्नावली पाठवली, अडीचशेहून अधिक जणींची उत्तरं तपासली, महिन्याभरातल्या नाडीचे आलेख काढले आणि दाखवून दिलं की पाळीत सरसकट विश्रांती हवीच, याला शास्त्रीय आधार नाही. या निबंधाला १८७६ साली खुद्द हार्वर्डचं बॉयलस्टन पारितोषिक मिळालं. निबंध नाव न लिहिता द्यायचा असायचा. त्याच हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेचे दरवाजे मुलींसाठी १९४५ मध्ये उघडले. म्हणजे बक्षीस दिलं, पण बाईंना त्या वर्गात बसता आलं नसतं.

मराठी माणसाला इथे एक धागा ओळखीचा वाटेल. जेकोबीबाई १८६४ साली फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तिथूनच बावीस वर्षांनी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि ते मूल गमावणं. क्लार्कसाहेबांची 'जपून ठेवलेली शक्ती' आपल्याकडे कशावर खर्च व्हायची, ते या एका आयुष्यात दिसतं.

उत्तर मिळालं तरी सल्ला मात्र मेला नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा मैदानी स्पर्धांत घेतलं आणि त्यात ८०० मीटरची शर्यत होती. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीची लिना राड्के २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली, तो विश्वविक्रम होता. जपानची हितोमी किनुए दुसरी आली. शर्यत संपल्यावर काही जणी गवतावर आडव्या पडल्या. आता ८०० मीटर जीव तोडून धावल्यावर माणूस आडवा पडतो. मी स्वतः पडलेलो आहे आणि माझ्याबद्दल कोणी अग्रलेख लिहिला नाही. पण वर्तमानपत्रांत छापून आलं की बायका कोसळल्या, अर्ध्या वाटेत बाहेर पडल्या, हा प्रकार भयंकर आहे. काहींनी तर धावणाऱ्यांची संख्याही चुकीची छापली. परिणाम असा की १९५६ च्या मेलबर्नपर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरहून लांब एकही वैयक्तिक शर्यत नव्हती. ८०० मीटर १९६० साली रोमला परत आली. मॅरेथॉन तर थेट १९८४ ला. एका खोट्या बातमीची किंमत बत्तीस वर्षं. फौजेत गुप्तवार्ता चुकली की काय होतं ते मला माहीत आहे, पण इतकी महाग चूक विरळाच.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या आज्या-पणज्या दुबळ्या होत्या का? मंगळागौर आठवा. श्रावणातल्या मंगळवारी नवीन लग्न झालेल्या पोरी रात्रभर जागून फुगड्या, झिम्मा, पिंगा घालायच्या. बसफुगडी घालून पाहा एकदा. आमच्या पीटीच्या उस्तादांनासुद्धा मांड्या धरून बसावं लागेल. त्या रात्री कोणी म्हणत नव्हतं की शक्ती वाया जाईल. का? तर माजघरात बायकाच असायच्या, दार लावलेलं असायचं आणि ती मोकळीक वर्षातून ठरावीक दिवसांचीच असायची. म्हणजे प्रश्न मुलीच्या ताकदीचा कधी नव्हताच. ती धावताना कोण बघतं, आणि तिची वेळ कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न होता. आजही तोच आहे.

माझं एक निरीक्षण आहे, इतिहासाचे जाणकार त्यात दुरुस्ती सुचवू शकतील. पूर्वी मुलीचं खेळणं लग्नाने संपायचं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं किमान वय १४ ठरवलं, १९४९ मध्ये ते १५ झालं, १९७८ मध्ये १८. लग्नाचं वय वर सरकलं, खेळ सोडायचं वय मात्र तिथेच चौदा-पंधराच्या आसपास खिळून राहिलं. लग्न नसलं तरी 'आता मोठी झालीस' हे वाक्य त्याच वयात येतं, आणि कायदा त्या वाक्यापर्यंत पोचत नाही.

तरी काही मुली त्या रेषेपलीकडे गेल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला स्वतंत्र भारताच्या पहिल्या मुली गेल्या. धावायला नीलिमा घोष आणि वांद्र्याच्या मेरी डिसूझा, पोहायला डॉली नाझीर आणि आरती साहा. आरती तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती. पुढे १९५९ मध्ये तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली, असं करणारी ती आशियातली पहिली स्त्री. १९७० ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कमलजीत संधू ४०० मीटरला सोनं घेऊन आली. १९७१ मध्ये खो-खोच्या अचला देवरे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात मुलींच्या क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, संघ किती, तर तीन. हे सगळं खरं, पण या एकेकट्या वाघिणी. व्यवस्था म्हणून मुलींना मैदानावर टिकवायचा मोठा प्रयत्न मला दिसतो तो केरळात.

१९७६ साली केरळ सरकारने कण्णूरला मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला. निवडलेल्या सुमारे चाळीस मुली, राहणं-खाणं, शाळा आणि सराव एकाच जागी, वर महिन्याला २५० रुपये शिष्यवृत्ती. त्यात पय्योळी गावची बारा वर्षांची, अंगाने काटकुळी पी. टी. उषा होती. प्रशिक्षक ओ. एम. नंबियार, वायुदलातून निवृत्त झालेले. (गणवेशातली माणसं निवृत्तीनंतर नुसती बागकाम करत नाहीत, हे इथे सांगून घेतो.) पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत, ५५.४२ सेकंद, चौथी. तिसरी आलेली रुमानियाची कोजोकारू ५५.४१. सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक गेलं. त्या दिवशी आमच्या मेसमध्ये रेडिओभोवती जमलेल्यांपैकी बराच वेळ कोणी बोललं नव्हतं. दोन वर्षांनी सोलच्या आशियाई स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदकं मिळाली, त्यातल्या चारांत उषाचा वाटा होता.

पण मला पदकांपेक्षा त्या वसतिगृहाचं महत्त्व वाटतं. ज्या वयात मुलगी घरी 'मोठी' होते, नेमक्या त्याच वयात तिला अशा जागी ठेवलं जिथे मोठं होणं ही अडचण नव्हती. आसपासच्या सगळ्याच मुली धावत होत्या, सगळ्यांनाच पाळी येत होती, सगळ्यांचेच कपडे सारखे होते. पोटभर जेवण मिळत होतं. आणि २५० रुपये घरी दिसत होते, म्हणजे 'याने मिळणार काय?' या प्रश्नाला आईबापांकडे उत्तर होतं. उषापाठोपाठ केरळातून शायनी अब्राहम, एम. डी. वलसम्मा अशी रांगच लागली. एखादी गुणवान मुलगी निघणं हा योगायोग असतो, रांग लागते तेव्हा मागे रसद असते.

रसदीचा दुसरा दाखला अमेरिकेचाच. १९७२ च्या जूनमध्ये तिथे 'टायटल नाइन' नावाचा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. खेळाचा त्यात उल्लेखही नव्हता, पण तो खेळाला लागू झाला. त्याआधीच्या वर्षी तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली होत्या तीन लाखांहून कमी. सहा वर्षांत त्या वीस लाखांवर गेल्या. सहा वर्षांत मुलींचं शरीर बदललं नव्हतं, त्यांच्या आवडी बदलल्या नव्हत्या. संघ निघाले, प्रशिक्षक नेमले गेले, मैदानाची वेळ मिळाली. 'मुलींना आवडच नसते' असं जे आपण म्हणतो, त्याला हा आकडा पुरेसा आहे.

तरीही गळती जगभर आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. आपल्याकडे वर अशक्तपणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं, मुलग्यांत हेच प्रमाण ३१ टक्के. रक्त म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारी गाडी. गाड्याच कमी असतील तर दम लागणारच. आणि दम लागला की आपण म्हणतो, पोरगी आळशी झाली.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली, ती पालकांनी आणि प्रशिक्षकांनी नीट ऐकावी. वयात येताना मुलग्याला निसर्ग स्नायू देतो, दर वर्षी तो आपोआप थोडा वेगवान होतो. मुलीची उंची आधी वाढते, मग कंबर रुंद होते, वजन बदलतं, शरीराचा तोल बदलतो. वर्ष-दोन वर्षं तिची वेळ सुधारत नाही, कधी मागेही जाते. उड्या आणि वळणं असलेल्या खेळांत याच काळात गुडघ्याच्या दुखापती मुलींत जास्त होतात. नीट उतरायचे, तोल सांभाळायचे व्यायाम शिकवले तर त्या कमी करता येतात. पण बहुतेक ठिकाणी होतं काय? बाराव्या वर्षी जिंकणारी पोर चौदाव्या वर्षी मागे पडते, प्रशिक्षक म्हणतात हिचं लक्ष नाही, तीही म्हणते आपल्यात दम नाही, आणि शूज कपाटात जातात. जवान लेहला उतरला की त्याला पहिल्या दिवशी डोंगरावर पिटाळत नाहीत. सहा दिवस खालच्या टप्प्यावर हवेची सवय, मग पुढच्या दोन टप्प्यांत चार-चार दिवस. या काळात त्याचा दम कमी भरला म्हणून त्याला कोणी घरी पाठवत नाही. मुलीचं शरीर दोन वर्षं नव्या उंचीवर चढत असतं आणि आपण तिला नापास करून मोकळे होतो.

आता माझ्या घरातली गोष्ट. आमची लेक रिलेत तिसरा टप्पा धावायची, चांगली धावायची. नववीत असताना एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून जाणार नाही." मी म्हटलं, "बरं, पुढच्या वर्षी दहावी आहे, ठीकच." मनातून बरंही वाटलं. संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी येईल, आणि माझी तेव्हा सीमेवर बदली व्हायची होती. सोळा-सतरा वर्षांनी, स्वतःच्या मुलीला पोहायला घालताना, तिने आईला खरं कारण सांगितलं, मी शेजारच्या खोलीत होतो. सरावाच्या वेळी पाळी आली होती. मैदानावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, चावी शिपायाकडे. चड्डी फिक्या रंगाची, शाळेचा नियमच तसा. ती चौथ्या टप्प्यावरच्या मैत्रिणीचा स्वेटर कमरेला बांधून घरी आली होती. बास, एवढंच. ज्या बापाने पुढे कितीएक जवानांच्या सुट्ट्या, घरच्या अडचणी तासभर ऐकून घेतल्या, त्याने तिला 'का?' एवढं विचारलं नव्हतं.

म्हणून उपाय विचारलेत तर मी मोठ्या योजनांपासून सुरुवात करत नाही. कुलूप, चड्डीचा रंग, घरी परतायची वाट, इथून करतो. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. अभ्यासकांनी नंतर पाहिलं तर माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्या होत्या. घरापासून शाळेपर्यंतचं अंतर तेवढंच होतं, फक्त ते पार करायचा मार्ग मिळाला. मैदानाचंही तसंच. संध्याकाळी साडेसहाला सराव सुटत असेल आणि रस्त्यावर दिवा नसेल, तर मुलीला आवड असून उपयोग नाही. कपड्यांबाबत हट्ट कशाला? हॉकीची राणी रामपाल हरियाणाच्या शाहाबादची, वडील गाडा ओढायचे. स्कर्ट घालून खेळायला घरच्यांचा विरोध होता, हे तिनेच मुलाखतीत सांगितलं आहे. तिने सलवार-कमीज घालून सराव केला, आणि पुढे तिच्याच नेतृत्वाखाली संघ टोकियोला चौथा आला. आधी पोरगी मैदानावर येऊ द्या, गणवेशाचं नंतर बघता येतं. कसरतीचे कडक नियम पाळण्यात आयुष्य गेलेला माणूस हे सांगतो आहे.

पालकांची भीती मी खोटी मानत नाही. २०२३ मध्ये देशाच्या नावाजलेल्या कुस्तीगीर मुली लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसल्या, ते सगळ्या देशाने पाहिलं. जिथे मुली सराव करतात तिथे एक तरी बाई जबाबदारीच्या जागेवर हवी, दार बंद करून एकट्या मुलीला कोणी शिकवू नये, आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव भिंतीवर लिहिलेलं असावं. यात खर्च काही नाही. 'मुलगी घरीच बरी' हा मात्र शिक्षा भलत्यालाच देण्याचा प्रकार आहे.

आणखी एक. सगळ्या मुलींना उषा व्हायचं नसतं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. मग धावायला लागली आणि २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. पण तिच्यासारख्या खो-खो खेळलेल्या ज्या पुढे कुठेच गेल्या नाहीत, त्यांनाही खेळायचा हक्क आहे ना? आपल्याकडे चौदाव्या वर्षानंतर मैदान फक्त जिंकणाऱ्यांचं उरतं. 'ब' संघ, 'क' संघ, नुसतं मजेसाठी खेळणं मुलांना गल्लीत मिळतं, मुलींना कुठेच नाही. मुली बऱ्याचदा मैत्रिणीसाठी येतात आणि मैत्रीण सुटली की सुटतात. म्हणून निवड करताना जोडीने घ्या, एक जरा कच्ची असली तरी चालेल.

मी आता इंदूरला असतो. आमच्या वसाहतीमागे एक मैदान आहे, दोन वर्षांपासून संध्याकाळी मुली तिथे खो-खो खेळतात. जागेला पैसा लागत नाही, दोन खांब आणि चुना. वसाहतीच्या समितीशी भांडून दोन दिवे लावले आणि जुन्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती करून घेतली. चावी पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगली, वर पाटीही लावली. मला वाटलं, झालं काम. महिनाभर कुणीच चावी नेली नाही. शेवटी एका मुलीने आमच्या सौभाग्यवतींना गाठून सांगितलं, "काकू, त्या काकांकडे चावी मागायची म्हणजे सगळ्यांना कळतं."

आता चावी आठवीतल्या एका मुलीच्या दप्तरात असते.